न हलणारं पोस्टर

आमच्या प्रयोगशाळेत खोटं कुणीच बोललं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. लोक मला विचारतात, शिंगटे सरांनी आकडे दाबले होते का? नाही दाबले. इम्रानने सॉफ्टवेअरमध्ये काही लबाडी केली होती का? तीही नाही. सगळे सज्जन, सगळे कामसू, आणि तरी माणसं मरायची पाळी आली होती. चोराचिलटांचा राग येत नाही मला, सज्जनांचा येतो, तो यासाठीच.

मी तेजल मांडवकर. देवरुखच्या पलीकडच्या एका वाडीतली. साताऱ्यात शिंगटे सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. आम्ही एक पट्टी बनवली होती, गरोदरपणाच्या चाचणीची असते ना, तशीच दिसायला. साप चावलेल्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, पट्टीवर सोडायचा. नाग, मण्यार, घोणस की फुरसं, ज्याचं विष असेल त्याच्या नावापुढे लाल रेघ उमटते. रेघ नाही, तर विष नाही. त्या रेघांमागचं रसायन माझं होतं. चारांपैकी तीन रेघा अगदी चोख यायच्या.

चौथी फुरशाची. फुरसं हा एवढासा, हातभर साप, पण आमच्याकडे सगळ्यांत जास्त चावतो तोच. त्याचं विष चावलेल्या जागीच रेंगाळतं आणि मग सावकाश रक्तात उतरतं. त्यामुळे पहिल्या तासात रक्त तपासलं, तर पट्टीच्या हाती काही लागतच नाही. दर दहा रुग्णांत चौघांची पट्टी कोरी राहायची. कोरी पट्टी बघून माणसाला घरी धाडलं, की पुढे हिरड्यांतून रक्त यायला लागतं, लघवीतून येतं, आणि तोवर तो दवाखान्यापासून कोसभर लांब, घाटाखाली कुठेतरी असतो. हे मीच शोधून काढलं होतं, आणि सरांनी तेव्हा माझी पाठ थोपटली होती. म्हणाले होते, "बाळ, स्वतःच्या कामातली खोट शोधणारा खरा संशोधक."

मग नाशिकची परिषद आली. वैद्यकीय उपकरणांची परिषद, आणि तिथे आरोग्य खात्याची निवड समिती पोस्टरं बघत फिरणार होती. समितीने पसंत केलेलं उपकरण त्याच वर्षी कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाणार होतं. त्यातल्याच एका केंद्रात माझी ताई नर्स आहे. आता कळलं असेल, माझा जीव कशात अडकला होता.

पोस्टर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचा कागद येत असेल. तो कधीच इतिहासजमा झाला. आता पोस्टर म्हणजे दरवाजाएवढा इ-पेपरचा, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचा, फलक, वर बारीक कॅमेरा, आणि आत ‘वेधक’ नावाचं सॉफ्टवेअर.

वेधकची गंमत समजायला आधी डोळ्याची गंमत समजून घ्यावी लागते. आपल्याला वाटतं, आपली नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहते. तसं नसतं. डोळा उड्या मारतो. एका ठिकाणी क्षणभर थांबतो, उडी मारतो, पुन्हा थांबतो. उडी चालू असताना आपण जवळजवळ आंधळे असतो. जिथे डोळा थांबला तेवढंच खरं पाहिलेलं. मधलं सगळं मेंदू आपल्या मनाने भरून काढतो आणि वर आपल्याला पटवून देतो, की तू सगळं पाहिलंस.

वेधकने लाखो माणसांच्या अशा उड्या आणि थांबे शिकून घेतले होते. तुम्ही फलकासमोर उभे राहिलात, की तुमची नजर कुठे टिकते आणि कुठून सटकते ते कॅमेरा टिपतो. जिथे टिकते तो भाग फलकावर हळूच मोठा होतो, त्याचा रंग जरा खुलतो. जिथून सटकते तो भाग आक्रसतो, खाली सरकतो. हे इतकं सावकाश होतं, की तुमच्या लक्षातही येत नाही. लोक पोस्टरपुढे जास्त वेळ थांबतात, पोस्टरचा नजरांक, म्हणजे नजरा खेचल्याचे गुण, वाढतो, संशोधक खूश. कुणाचं काही बिघडत नाही असं वाटतं.

आमच्या विभागात एक रीत होती. परिषदेआधी चहाफेरी करायची. फलक कॉरिडॉरमध्ये उभा करायचा आणि प्राध्यापक, विद्यार्थी, ऑफिसातले क्लार्क, सगळ्यांनी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोरून आरामात फिरायचं, म्हणजे वेधकला शिकायला मिळतं. आता मला सांगा, ज्यांनी पट्टी बनवली, ज्यांची पोस्टरवर नावं, त्यांच्या नजरा कुठे थांबणार? तीन लाल रेघांवर. फुरशाचं अपयश दाखवणाऱ्या तक्त्यावर कोण रेंगाळतं? आम्हीच कौतुकाने आमच्या यशाकडे बघत बसलो आणि वेधक आमच्याकडून तेच शिकत गेलं. त्या दिवशी बिस्किटंसुद्धा चांगल्यातली मागवली होती.

परिषदेच्या आधी, वेधकने सजवलेल्या त्या पोस्टरची मोबाइलवरची प्रत सगळ्या आरोग्य केंद्रांना गेली. ताईचा फोन आला.

"छान झालंय गो पोस्टर," ताई म्हणाली. "आमच्या डॉक्टरांनी सगळ्यांना दाखवलं. माझी बहीण म्हणून मी पण मिरवून घेतलं."

"वाचलंस ना नीट?"

"दोनदा वाचलं. म्हणजे आता काचेची नळी बंद करायची ना?"

काचेची नळी म्हणजे त्यांची जुनी पद्धत. रुग्णाचं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, न हलवता ठेवायचं आणि वीस मिनिटांनी नळी तिरकी करून बघायचं. रक्त गोठलं नसेल तर विष चढतंय. गोठलं असेल तरी लगेच सोडायचं नाही, ठेवून घ्यायचं आणि पुन्हा पुन्हा बघायचं. कंटाळवाणं काम, पण त्यात माणूस नजरेसमोर राहतो.

"ताई, फुरशाचं काय लिहिलंय ते वाचलंस का?"

"हो की. चारही साप ओळखते म्हणून लिहिलंय. फुरशाचं चित्र पण आहे."

"त्याखाली? पहिल्या तासाचं?"

"त्याखाली काय आहे?" ताई म्हणाली. मग फोनवर थोडा वेळ नुसती तिची बोटं चालल्याचा आवाज. "थांब हां. मोठं करून बघते. अगो बाई, हे होय? हे तर मुंगीएवढं आहे. मी तर माणूस घरी सोडला असता की, तेजू."

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तेव्हा. माझी ताई काही उडत उडत वाचणारी बाई नाही. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा चष्मा पुसून वाचते. तिच्यासारखीला जे दिसलं नाही, ते कुणालाच दिसणार नव्हतं.

मी तडक इम्रानकडे गेले. इम्रान बागवान आमच्या विभागाचे फलक सांभाळायचा. माणूस मिश्कील, पण कामात पक्का.

"काय तेजलबाई, आज रणचंडी का?"

"चहाफेरीतल्या सगळ्यांच्या नजरा दाखव मला. फुरशाच्या तक्त्यावर कोण किती थांबलं ते."

त्याने पडद्यावर काढून दिलं. प्रत्येकाच्या नजरेची एकेक रेष, थांबली तिथे ठिपका. शिंगटे सर: फुरशाच्या तक्त्यावर एक ठिपका, पुसट. बाकीचे: काही नाही. मी विचारलं, "ही हिरवी रेष कुणाची? ही तर तिकडे फिरकलीच नाहीये."

इम्रानने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "ती तुझी आहे," तो म्हणाला.

तक्ता माझा, शोध माझा, आणि माझी स्वतःची नजर त्याला टाळून निघून गेली होती. मला ते आठवतही नव्हतं. मी शपथेवर सांगितलं असतं, की मी तो तक्ता पाहिला. लाज वाटली, पण लाजेपेक्षा चीड जास्त आली. डोळ्यांना ते नकोसं वाटणारच, ते माणसाचेच डोळे आहेत. पण नकोशा गोष्टीसमोर माणसाला उभं करायचं हेच तर पोस्टरचं काम, आणि आम्ही असं यंत्र केलं होतं जे तिथून पळून जायला वाट मोकळी करून देत होतं.

"तो तक्ता मोठा करून खिळा ठोकता येत नाही का?" मी विचारलं.

"येतो की. पण मग वेधक बाकीचं त्याच्याभोवती असं सजवतं, की लोक बाकीचंच बघतात. मी करून बघितलंय. आणि परिषदेत वेधकशिवाय पोस्टर चालत नाही."

सर त्यांच्या खोलीत होते. मी ताईचा फोन सांगितला, नजरांच्या रेषा सांगितल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सर ओरडणाऱ्यांपैकी नव्हते कधीच. मुलीला इतक्या लांब शिकायला धाडायला बाबा तयार नव्हते, तेव्हा हेच सर आमच्या वाडीवर आले होते, आमच्या पडवीत बसून त्यांनी कुळथाची पिठी-भात खाल्ला होता आणि बाबांना पटवलं होतं. त्यामुळे त्यांच्याशी भांडायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं.

"बाळ, पोस्टरवर सगळं आहे," ते म्हणाले. "आपण काहीच लपवलेलं नाही."

"सर, पण कुणाला दिसत नाहीये."

"न वाचणाऱ्याला आपण काय करणार? आणि दुसरी बाजू बघ. नाग, मण्यार, घोणस. या तिघांनी चावलेली किती माणसं आपल्या पट्टीने वाचतील? एका त्रुटीपायी सगळं अडकवून ठेवायचं? एकदा निवड होऊ दे. पुढच्या वर्षी सुधारलेली पट्टी देऊ."

"आणि या वर्षी फुरसं ज्यांना चावेल ते?"

सर म्हणाले, "तू फार भावनेच्या आहारी जातेयस. तुझी बहीण तिथे आहे म्हणून."

"हो सर, आहे म्हणूनच. बहीण नसती तर मीही तुमच्यासारखी शांत राहिले असते कदाचित."

ते त्यांना लागलं. मलाही बोलल्यावर लागलं, पण शब्द मागे घेतला नाही.

नाशिकला पोचले त्याच दुपारी मी पाहुण्यांच्या खोलीत दार लावून बसले आणि अक्षरजुळणीचं जुनं सॉफ्टवेअर उघडलं. प्रबंधासाठी वापरायचो आम्ही ते. त्यात माउसने ओढाओढी नसते. काय हवं ते आज्ञेत लिहायचं: कागद एवढा, समास एवढा, अक्षर एवढं. मग एक कळ दाबायची, की ते पान जुळवून देतं. समोर कोण उभं आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. राजा बघो नाहीतर रंक, अक्षर तिथेच राहणार. त्या दिवशी मला ते सॉफ्टवेअर माहेरच्या माणसासारखं वाटलं.

मी ठरवलं, पोस्टरवर एकच वाक्य, मराठीत, वीतभर उंचीच्या अक्षरांत. लिहिलं: ‘प्राथमिक निष्कर्षांनुसार फुरशाच्या दंशामध्ये पहिल्या तासात पट्टीची संवेदनशीलता काही रुग्णांत शक्यतो अपुरी आढळून येते.’ कळ दाबली. सॉफ्टवेअरने सुनावलं, ओळ चौकटीत मावत नाही.

अक्षर लहान केलं असतं तर मावली असती. पण अक्षर लहान करायचं नाही हे पक्कं होतं, त्यामुळे शब्द काढावे लागले. ‘प्राथमिक निष्कर्षांनुसार’ काढलं. मावत नाही. ‘शक्यतो’ काढलं. मावत नाही. ‘आढळून येते’ला काय अर्थ आहे, कुणाला आढळून येते? तेही काढलं. एकेक शब्द काढताना माझ्या लक्षात येत गेलं, की हे सगळे शब्द मी माझ्याच बचावाला ठेवले होते. आम्हा संशोधकांना सवयच लागलेली असते, वाक्याला उशा लावायची. शेवटी उरलं ते मावलं:

‘फुरसं चावलं असेल, तर ही पट्टी पहिल्या तासात फसते.’

त्याखाली दहा माणसांच्या साध्या आकृत्या, चार काळ्याभोर. बाजूला बाकीच्या तीन सापांचे चांगले आकडे, कारण तेही खरेच होते. तळाशी नेहमीच्या अक्षरात नावं: शिंगटे सर, मी, बाकीचे. सरांचं नाव गाळायचा विचारही मनात आला नाही. काम त्यांचंही होतं. बाकी पांढरं, भरपूर पांढरं. आजूबाजूला सगळे फलक रंगांनी बरबटलेले असणार, तिथे हे पांढरंच डोळ्यांत खुपणार होतं.

छापायला वाढदिवसाचे कापडी बॅनर करणाऱ्या दुकानात गेले. दुकानदाराने फाइल उघडली आणि मान हलवली.

"ताई, एवढी जागा मोकळी? निदान चार कोपऱ्यांत फुलं टाकू. बॉर्डरला सोनेरी पट्टा. उठाव येईल."

"उठाव नको, दादा. आहे तसंच द्या."

"लोक म्हणतील दुकानाने काम अर्धं सोडलं."

"म्हणू दे."

सकाळी परिषदेच्या हॉलमध्ये आमचा फलक मोठ्या दिमाखात चमकत होता. मधोमध लटकवलेल्या पडद्यावर सगळ्या पोस्टरांचे नजरांक झळकत होते आणि आमचं पोस्टर वरच्या तिघांत होतं. मी खुर्चीवर चढले, कापड उलगडलं आणि फलकावरून, कॅमेऱ्यावरून, सरळ खाली सोडलं. चिकटपट्टीने चारही बाजू बंद केल्या. पडद्यावर आमचा आकडा शून्यावर आला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

संयोजकांपैकी एक गृहस्थ लगबगीने आले. "मॅडम, कापडी पोस्टर नियमात बसत नाही."

"मला माहीत आहे."

"मग काढा ना."

"नाही काढणार. तुम्हाला काढायचं असेल तर काढा, पण आधी वाचा, आणि मग काढा."

त्यांनी वाचलं. हात पुढे केला होता तो मागे घेतला. "मी वरिष्ठांना विचारून येतो," म्हणाले आणि गेले.

तेवढ्यात शिंगटे सर आले. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रागाने लाल झालेलं पाहिलं. आवाज मात्र खालीच होता.

"हे काय आहे?"

"आपलं पोस्टर, सर."

"माझं नाही. माझं नाव काढ यावरून. आत्ता."

"छापलेलं आहे सर. ते काढता येत नाही."

"तेजल, समिती पलीकडच्या रांगेत आहे. मी शेवटचं सांगतो. हे उतरव, नाहीतर उद्यापासून माझ्या प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही. दुसरा गाईड शोध."

प्रबंध लिहून होत आला होता. दुसरा गाईड मिळणं म्हणजे सगळं नव्याने. आणि हे तेच सर, आमच्या पडवीत बसलेले.

"शोधते सर," मी म्हणाले. "पण हे उतरवणार नाही."

त्यांनी शेजारच्या नोंदणीच्या टेबलावरचा जाड काळा मार्कर उचलला, वाकले, आणि स्वतःचं नाव खोडलं. एकदा नाही, तीनचारदा, कापड चुरगळेपर्यंत.

आणि मग गर्दी झाली. त्या हॉलमध्ये शंभर फलक झगमगत होते, पण एका नामांकित प्राध्यापकाने स्वतःचं नाव खोडलेलं पोस्टर एकच होतं. लोक खोडलेलं नाव बघायला वाकत होते, मान वर केली की समोर वीतभर अक्षरांतलं वाक्य. सटकायला जागाच नव्हती. कुणी मोबाइलवर फोटो काढले, कुणी नुसतेच उभे राहिले. निवड समितीच्या वाकोडे मॅडम गर्दी बघूनच इकडे वळल्या. आरोग्य खात्यात हयात घालवलेली बाई, तोंडावर कसलाही भाव नाही. त्यांनी वाक्य वाचलं, दहा आकृत्या पाहिल्या, खोडलेलं नाव पाहिलं.

"शिंगटे, हे तुमचंच नाव ना?"

"हो."

"आकडे चुकीचे आहेत?"

सरांना ‘हो’ म्हणता आलं असतं. तेवढ्या एका शब्दात मी खोटी ठरले असते, आणि पट्टी निघाली असती कोकणात.

"नाही," सर म्हणाले. "आकडे बरोबर आहेत."

"मग नाव का खोडलंत?"

सर हातातल्या मार्करला टोपण लावायचा प्रयत्न करत होते, ते लागत नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि तरीही मी ते टोपण लावून द्यायला पुढे झाले नाही.

वाकोडे मॅडम माझ्याकडे वळल्या. "रसायन कुणाचं?"

"माझं."

"तू कुठली?"

"देवरुखकडची."

"मग तूच सांग. बाकीच्या तीन सापांना ही चालते, ते मला दिसतंय. तुझंच काम आहे, वर्ष फुकट गेलं तर तुझंच जाणार आहे. या वर्षी कोकणात पाठवायची का?"

सर माझ्याकडे बघत होते. सगळेच बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "पाठवू नका."